दो साल की तो बात है

भिलाईत राहायला आल्यापासून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते गावाच्या वेशीवरच्या पाटीवर लिहिलं तरी चालेल. "दो साल की तो बात है." म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं. खेळ बंद, गाणं बंद, चित्रं बंद, मामाच्या लग्नाला जाणं बंद. दात-ओठ खाऊन दोन वर्षं काढायची, जेईई निघाली की पुढे आयुष्यभर काय हवं ते करायला मोकळे.

या वाक्याविरुद्ध मला आज एक साक्षीदार उभा करायचा आहे. तो भिलाईचा नाही, भारताचाही नाही. पण त्यानंही दोन वर्षं 'बंद' पाळला होता, १९५९ च्या उन्हाळ्यापासून १९६१ च्या नोव्हेंबरपर्यंत. फक्त त्यानं बंद केलं ते आपण बंद करतो त्याच्या बरोबर उलटं होतं. माणसाचं नाव सनी रोलिन्स, वाद्य टेनर सॅक्सोफोन, आणि त्याची साक्ष म्हणजे १९६२ साली निघालेली 'द ब्रिज' ही रेकॉर्ड. चार माणसं, सहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आतबाहेर.

फौजी माणसानं जॅझवर का लिहावं, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. सॅक्सोफोन हे मुळात आपल्याच खात्याचं वाद्य आहे. बेल्जियमच्या अॅडॉल्फ सॅक्सनं ते तयार केलं, १८४६ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होतं ते फ्रेंच सैन्याचे बँड. उघड्या मैदानावर क्लॅरिनेटचा आवाज विरून जातो आणि पितळी वाद्यं चपळ चालत नाहीत. दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. जॅझवाल्यांनी ते नंतर आपलंसं केलं. आपल्याकडेही आजतागायत मिलिटरी बँडमध्ये ते आहे आणि पचमढीला आपले बँडवाले ते रीतसर शिकतात. माझी स्वतःची ओळख मात्र परेड ग्राउंडवर झाली नाही. खडकवासल्याला आमच्या स्क्वाड्रनमध्ये एक गोवेकर कोर्समेट होता. त्याच्या घराण्यात निम्मी माणसं चर्चमध्ये वाजवणारी आणि निम्मी मुंबईच्या हॉटेलांत. सुट्टीवरून येताना तो बेबिंका आणायचा आणि कॅसेट आणायचा. बेबिंका एका रात्रीत संपायचा, कॅसेट टर्मभर पुरायची. त्यातलीच एक ही.

आता माणसाविषयी. रोलिन्सचा जन्म १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातला; आईवडील वेस्ट इंडीजमधल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले. विशीतच नाव झालं आणि विशीतच हेरॉइनही लागली. तुरुंग झाला. १९५५ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात जाऊन त्यानं उपचार घेतले, आणि बाहेर पडल्यावर थेट न्यूयॉर्कच्या क्लबांत न परतता शिकागोत झाडलोटीची, ओझी उचलायची कामं केली. हात परत स्वच्छ झाले याची खात्री पटल्यावर वाद्य घेऊन उभा राहिला. पुढच्याच वर्षी, २२ जून १९५६ रोजी, त्यानं 'सॅक्सोफोन कोलोसस' ही रेकॉर्ड केली, तीही चार जणांचीच. जॅझ ऐकणाऱ्याच्या घरी दहा रेकॉर्डी असतील तर त्यातली एक बहुधा ती असते.

१९५९ मध्ये तो २८ वर्षांचा होता आणि टेनर सॅक्सोफोन म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत त्याचं नाव घेतलं जात होतं. आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं जाहीर वाजवणं थांबवलं. कारण त्यानं पुढे अनेकदा सांगितलं आहे: नाव मोठं झालं होतं, आणि आपलं वाजवणं त्या नावाच्या मागे पडतंय असं त्याचं त्यालाच वाटत होतं. लोक टाळ्या वाजवत होते, याला पटत नव्हतं.

राहायला तो मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, ग्रँड स्ट्रीटवर. शेजारच्या घरात एक बाई बाळंत व्हायची होती. टेनर सॅक्सोफोन काही बासरी नव्हे, भिंतीपलीकडे सहज जातो. म्हणून घराजवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर पायी चालणाऱ्यांसाठी जी वाट आहे, तिथे तो वाद्य घेऊन जायला लागला. खाली ईस्ट नदी आणि बोटींचे भोंगे, बाजूला गाड्या, पुलावरूनच जाणारी लोकल. उन्हाळा असो की हिवाळा. कधी कधी दिवसाचे पंधरा-सोळा तास तिथे उभा असायचो, असं त्यानं सांगितलंय. भिलाईकरांना सांगायला हरकत नाही की तो पूल १९०३ सालचा, पोलादी मनोऱ्यांवर टांगलेला. आणि रोलिन्स ज्या वर्षी पुलावर गेला त्याच वर्षीच्या ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं होतं. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण १९५९ म्हटलं की या गावात सगळ्यांचे कान टवकारतात, म्हणून सांगितलं.

आता मुद्दा. रोलिन्सनं त्या दोन वर्षांत काय बंद केलं आणि काय चालू ठेवलं? त्यानं श्रोते बंद केले. टाळ्या बंद केल्या, मासिकांतले क्रमांक बंद केले, रेकॉर्डी बंद केल्या, पैसेही बंद केले. चालू ठेवलं फक्त वाद्य.

आणि आपण आपल्या पोरांना काय करायला लावतो? वाद्य बंद करतो. श्रोते मात्र रात्रंदिवस चालू.

माझी सध्याची पोस्टिंग एनसीसीची आहे, त्यामुळे हे सगळं अगदी जवळून दिसतं. आमच्या कॅडेटांत एक मुलगा होता. नाव सांगत नाही. शाळेच्या बँडमध्ये आधी क्लॅरिनेट, मग ऑल्टो सॅक्सोफोन. मी बरेच बँड ऐकलेत. या मुलाचा सूर ऐकला की मान आपोआप वळायची. मार्चची धून वाजवतानाही तो ती थोडी हलवायचा, आणि बँडमास्तर रागवायच्या आधी जागेवर आणून ठेवायचा. दहावी झाली आणि त्याचे वडील पेटी घेऊन ऑफिसात आले. कारखान्यात रोलिंग मिलला, तिन्ही पाळ्या करणारा माणूस. रात्रपाळी करून थेट आलेले, डोळे लाल. पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "लड़का अच्छा बजाता है, मैं भी जानता हूँ साहब. दो साल की तो बात है." मुलगा त्यांचा, निर्णय त्यांचा. वाद्य स्टोअरला जमा झालं, रजिस्टरवर सह्या झाल्या.

पुढे तो मुलगा अधूनमधून भेटायचा. दर रविवारी टेस्ट. संध्याकाळपर्यंत वडिलांच्या मोबाइलवर क्रमांक. सोमवारी तोच क्रमांक क्लासच्या भिंतीवर. मंगळवारी शेजारच्या काकू विचारणार. बुधवारी नागपूरहून आत्याचा फोन. सोळा वर्षांच्या मुलाला आठवड्याला एक जाहीर मैफल, तीही दोन वर्षं, एकही खाडा न करता. आणि ज्या एका गोष्टीत तो कुणीही बघत नसताना रमायचा, तीच तेवढी कुलपात. सनी रोलिन्स ज्याला कंटाळून पुलावर पळाला, नेमकं त्याच्यात आपण पोरांना कोंडतो आणि त्याला 'त्याग' म्हणतो.

रेकॉर्ड ऐकल्याशिवाय हा युक्तिवाद अर्धाच राहील, म्हणून तिच्याविषयी थोडं.

नोव्हेंबर १९६१ मध्ये रोलिन्स परतला आणि १९६२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यानं 'द ब्रिज' ध्वनिमुद्रित केली. बरोबर गिटारवर जिम हॉल, डबल बासवर बॉब क्रॅनशॉ, ड्रम्सवर बेन रायली. एका गाण्याला ड्रमर तेवढा दुसरा. यात पियानो नाही, हे महत्त्वाचं. आपल्याकडे पेटीवाला जसा गायकाच्या मागे सुरांची चादर अंथरत जातो, तसं काम जॅझमध्ये पियानो करतो. रोलिन्सनं ती चादर काढून घेतली आणि जिम हॉलसारखा अगदी कमी बोलणारा माणूस बाजूला घेतला. हॉल दोन सूर टाकतो आणि गप्प बसतो. मधे मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत सॅक्सोफोन ऐसपैस फिरतो.

बास काय करतो? चालतो. मात्रेला एक पाऊल, ना घाई ना थांबणं. ड्रम्सची झांज त्याच्या जोडीनं. या दोघांनी रस्ता धरला की वरचे दोघे हवं तसं बोलायला मोकळे. इथल्या लोकांना मी हे पंडवानीवरून समजावतो. तीजनबाई याच परिसरातल्या, कारखान्यात नोकरीही केलेल्या. त्या महाभारत सांगतात तेव्हा शेजारी बसलेला रागी हुंकार भरतो, मधेच प्रश्न टाकतो, आणि त्या प्रश्नानं कथा वळण घेते. जिम हॉल हा रोलिन्सचा रागी आहे. मराठी माणसानं गोंधळातला झीलकरी आठवावा.

आणि 'स्विंग' म्हणजे काय? ड्रिल शिकलेल्या माणसाला सांगायचं तर असं. ड्रिलमध्ये टाच मात्रेवर पडायलाच हवी, नाहीतर उस्ताद तुमच्या सात पिढ्या काढतो. स्विंगमध्ये मात्रा मनात तितकीच पक्की असते, पण दोन सारखे तुकडे सारखे वाजत नाहीत. पहिला जरा लांबतो, दुसरा जरा आखडतो, आणि वाजवणारा मात्रेच्या किंचित मागे रेलतो. ज्याची मात्रा पक्की आहे त्यालाच असा उशीर करता येतो. ज्याची पक्की नाही तो नुसताच उशिरा येतो. फडावरच्या ढोलकीवाल्याला हे शिकवावं लागत नाही.

रेकॉर्डचं पहिलं गाणं, 'विदाउट अ साँग', मध्यम लयीतलं. त्यात हा रेलण्याचा प्रकार स्वच्छ ऐकू येतो: रोलिन्स घाईत नाही, त्याला काही सिद्ध करायचं नाही, एखादा सूर अर्धवट म्हणून सोडून देतो कारण उरलेला अर्धा तुमच्या कानात वाजणार हे त्याला ठाऊक आहे. रेकॉर्डला ज्याचं नाव दिलंय ते 'द ब्रिज' मात्र भन्नाट वेगाचं, पुलावरच्या वाऱ्याच्या विरुद्ध वाजवल्यासारखं. आणि बिली हॉलिडेचं 'गॉड ब्लेस द चाइल्ड' इतकं संथ की सॅक्सोफोनमधला श्वास मोजता यावा.

आता एक गोष्ट लपवून ठेवण्यासारखी आहे, पण ठेवत नाही. ही रेकॉर्ड आली तेव्हा सगळे खूश झाले नाहीत. रोलिन्स पुलावर असताना जग थांबलं नव्हतं. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ मध्येच बाजारात आली. ऑर्नेट कोलमननं त्याच वर्षी न्यूयॉर्कला येऊन सुरावटीचे जुने नियमच मोडीत काढले. रोलिन्सचा मित्र आणि तोडीस तोड असलेला जॉन कोल्ट्रेन कुठल्या कुठे गेला. अशा वेळी दोन वर्षं गायब झालेला माणूस परततो तर काहीतरी अद्भुत, न ऐकलेलं घेऊन येईल, अशी लोकांची अपेक्षा होती. तो घेऊन आला तेच जुने, ओळखीचे प्रकार, फक्त आतून भरलेले. काही समीक्षकांनी नाक मुरडलं. 'दोन वर्षांत एवढंच?'

हा प्रश्न भिलाईत रोज विचारला जातो. वाद्य वाजवून एवढंच? चित्र काढून एवढंच? खरं उत्तर असं की हो, एवढंच. दोन वर्षांच्या रियाजाचा क्रमांक भिंतीवर लावता येत नाही. पण साठ वर्षं उलटून गेली, नाक मुरडणाऱ्यांचे लेख आज कुणी शोधून वाचत नाही आणि ती रेकॉर्ड भिलाईत पहाटे फिरायला जाताना एका फौजी माणसाच्या कानात वाजतेय.

आमच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. भारतीय रेल्वेचा रूळ म्हणजे भिलाई, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पोलादात हायड्रोजन अडकलेला असेल आणि रूळ घाईघाईनं थंड झाला, तर तो वायू बाहेर पडत नाही आणि आतल्या आत केसाएवढ्या भेगा पडतात. वरून रूळ गुळगुळीत, सरळ, तपासणाऱ्याला दिसायला झकास. भेग पुढे कधीतरी वाढते, गाडीखाली. म्हणून एक तर तो वायू आधीच काढून टाकायचा, नाहीतर रूळ सावकाश निवू द्यायचा. मी त्यांना म्हटलं, "काका, हे तुम्ही पोरांच्या बाबतीत का नाही सांगत?" ते हसले आणि म्हणाले, "नातू कोट्याला आहे हो."

आता समोरच्या बाजूचं म्हणणं मी न मांडता पुढे गेलो तर ती लबाडी होईल.

पहिला आक्षेप: रोलिन्स २८ वर्षांचा होता, त्याचं नाव झालेलं होतं, सोळा वर्षांच्या पोराची आणि त्याची तुलना कशी? मान्य. पण मी पोरांना पुलावर जाऊन सोळा तास उभं राहा असं म्हणतच नाहीये. रोज अर्धा तास, एवढंच माझं मागणं आहे. अर्धा तास वाजवल्यानं ज्याची सीट जाईल, त्याची सीट मोबाइलनं आधीच गेलेली असते.

दुसरा आक्षेप: पैशाचं काय? हा खरा आहे आणि रोलिन्सच्या गोष्टीतही तो आहेच. त्या काळात त्याच्या घराला आधार होता तो लुसिलचा, जी पुढे त्याची बायको झाली. ती नोकरी करायची. रेकॉर्डच्या कव्हरवर तिचं नाव नाही. माणूस पुलावर उभा राहू शकतो कारण कुणीतरी कचेरीत बसलेलं असतं. रात्रपाळी करून आलेला तो बाप म्हणजे या गोष्टीतली लुसिल आहे. त्याला 'मुलाची कला मारतोय' म्हणून बोल लावायला मी तरी धजावणार नाही. त्यानं आयुष्यभर तापलेल्या लोखंडासमोर घाम गाळलाय आणि पोरानं वातानुकूलित खोलीत बसावं एवढंच त्याला हवंय. जेईई ही त्याच्यासाठी हौस नाही, शिडी आहे. मला त्याच्याशी भांडायचं नाही. त्याला एवढंच सांगायचंय की शिडी चढताना एक हात मोकळा असला तरी चढता येतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: दोन वर्षांनी परत सुरू कर की! इथे मात्र मी फौजीच्या अनुभवानं बोलतो. जवान रजेवर गेला की त्याची रायफल कोतमध्ये जमा होते. दोन महिन्यांनी परत आल्यावर ती त्याला लगेच लढायला देत नाहीत. आधी रेंजवर नेऊन झिरोइंग. तीच रायफल, तोच माणूस, तरी नेम हललेला असतो. सॅक्सोफोन तर ओठांच्या स्नायूंवर वाजतो. दोन वर्षं न वाजवलेले ओठ म्हणजे दोन वर्षं न धावलेले पाय. वाद्य कुलपात तसंच राहतं. त्याचा वाजवणारा मात्र हळूहळू दुसराच कुणी होतो. जे परत सुरू करतात त्यांना माझा सलाम. पण मी पाहिलेल्यांत बहुतेकांनी केलं नाही. त्यांना वेळ मिळाला, पगार मिळाला, महागडं वाद्यही मिळालं. सोळाव्या वर्षीचं ते निर्लज्ज धाडस मात्र परत मिळालं नाही.

आपल्या फौजेला ही गोष्ट नीट कळलेली आहे. पलटण सीमेवरून, फील्डमधून, पीस स्टेशनला येते ती झोपा काढायला नाही. पीसमध्ये रेंज असते, कोर्स असतात, स्पर्धा असतात. शत्रू समोर नसतो म्हणूनच चुका करून शिकायला सवड असते. मेजर होऊन बरीच वर्षं झालेल्या अधिकाऱ्यालाही वेलिंग्टनला जवळपास वर्षभर विद्यार्थी म्हणून बसवतात. कुठलीही पलटण कायम फील्डमध्ये ठेवली तर ती मोडते, हे कुठल्याही सीओला सांगावं लागत नाही. आणि आपले बँडवाले बघा. शांततेत वाजवतात, लढाईत स्ट्रेचर उचलतात. एकाच माणसाकडे दोन कामं असू शकतात आणि एकामुळे दुसरं बिघडत नाही, याचा इतका जुना पुरावा आपल्याच घरात आहे.

कारखान्याच्या गावातून सॅक्सोफोन वाजवणारा निघू शकत नाही, असंही कुणी म्हणू नये. मनोहारी सिंग हे नाव आठवा. 'रूप तेरा मस्ताना' मधला सॅक्सोफोन आठवला तर नाव आठवलंच. पंचमदांचा उजवा हात. हे मूळचे नेपाळी घराण्यातले, बंगालमध्ये वाढलेले, आणि त्यांची घडण झाली ती कलकत्त्याजवळच्या बाटानगरात, बाटा कंपनीच्या ब्रास बँडमध्ये. चपला-बूट करणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीत बँड होता, त्याला शिकवायला जोसेफ न्यूमन नावाचा परदेशी मास्तर होता, म्हणून तो मुलगा तयार झाला. पुढे मुंबईत त्यांच्या आधीपासून गोव्याची माणसं होतीच. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी तर १९७० मध्येच 'रागा रॉक' मध्ये आपले राग सॅक्सोफोनवर जॅझला जोडून दाखवले. हे सगळे कुठल्या ना कुठल्या बँडमधून, चर्चच्या मास्तराकडून, कुणीतरी लहानपणी हातात दिलेल्या आणि काढून न घेतलेल्या वाद्यातून आले.

रोलिन्सची मुंबईशी गाठ आहे, हे मराठी वाचकाला सांगायलाच हवं. साठच्या दशकाच्या शेवटी तो पुन्हा एकदा सगळं सोडून निघाला तो थेट पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. काही महिने राहिला. ध्यानाला बसलं की मन लागत नाही, अशी त्याची अडचण होती. त्याला तिथे उत्तर मिळालं ते असं की तू वाजवतोस तेव्हा तुझं ध्यानच चाललेलं असतं, वेगळं काय करायचंय? हे त्यानं पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. आश्रमानं त्याचं वाद्य जमा करून घेतलं नाही. आणि १९७८ मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली तेव्हा तिथे वाजवायला आलेल्यांत रोलिन्स होता.

२०१२ नंतर त्यानं जाहीर कार्यक्रम केले नाहीत. फुप्फुसांच्या आजारानं वाजवणंच थांबलं. तो बंद त्यानं निवडलेला नव्हता. आयुष्य असे सक्तीचे बंद आपण न मागताच देतं. कुणाचे हात जातात, कुणाचा श्वास, सीमेवर कुणाचं सगळंच. म्हणूनच आपण आपल्या हातानं, धडधाकट पोराच्या बाबतीत, हौसेनं एक जास्तीचा बंद पाळू नये असं मला वाटतं.

तर मागणं काय? शाळांना: अकरावीत गेलेल्या मुलाचं वाद्य जमा करून घेऊ नका, ते त्याच्या नावावर घरी राहू द्या. पालकांना: रोज अर्धा तास दार लावून घेऊ द्या, आणि त्या अर्ध्या तासाचा क्रमांक विचारू नका. क्लासवाल्यांकडून मला फारशी आशा नाही, पण महिन्यातला एक रविवार टेस्टशिवाय गेला तर आभाळ कोसळणार नाही.

आणि शेवटचं मागणं आपल्या माणसांना, निवृत्त फौजींना. तुमच्या गावात, तालुक्यात एखादा बँडमधून रिटायर झालेला हवालदार नक्की असेल. वीस-बावीस वर्षं वाजवलेला, सूर आणि लय दोन्ही हाडात मुरलेला. बरेचदा तो एखाद्या एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला शोधा. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे घेऊन जा. आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळचा एक तास. मानधन आपण चार जण मिळून उभं करू शकतो. मेसच्या एका पार्टीएवढाही खर्च नाही. माजी सैनिकांच्या मेळाव्यात आपण दरवर्षी विचारतो की समाजासाठी काय करावं. हे करावं. पोरं आहेत, वाद्यं स्टोअरमध्ये धूळ खात आहेत, मास्तर एटीएमबाहेर बसलाय. तिघांची गाठ घालून द्यायला कुणाच्या मंजुरीची फाइल लागत नाही.

जय हिंद.